हिरव्या चौकोनावरचा डिंक

आमच्या घरात सोवळंओवळं फारसं नव्हतं, पण कॅमेऱ्याच्या चकतीचं सोवळं मात्र कडक होतं. स्टुडिओत पहिला डिजिटल कॅमेरा आला तेव्हा त्याच्या डोक्यावर उजव्या अंगाला रुपयाएवढी एक चकती होती आणि तिच्या कडेनं मुंगीएवढ्या खुणा होत्या. एम, ए, एस, पी, मग पळणारा माणूस, डोंगर, फूल, आणि शेवटी एक हिरवा चौकोन. चकती फिरवली की कट् कट् वाजायची आणि कुठेही न अडता गोल फिरत राहायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या हिरव्या चौकोनाकडे तुच्छतेनं बघत. तिथे चकती ठेवली की उजेड किती घ्यायचा, झडप किती वेळ उघडी ठेवायची, सगळं कॅमेराच ठरवतो. लग्नात कुणी हौशी पाहुणा "एक फोटो मी काढतो की" म्हणत पुढे आला तर अण्णा हसून चकती हिरव्यावर आणत आणि कॅमेरा त्याच्या हातात देत. पाहुणा गेला की परत एमवर. "हिरवं पाव्हण्यांसाठी. आपल्याला एम," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही कुणी एम हे अक्षर उच्चारलं की मला त्यांचाच आवाज ऐकू येतो. एममध्ये सगळं आपण ठरवायचं, आणि चुकलं तर तेही आपणच चुकायचं. ए आणि एस म्हणजे अण्णांच्या मते वाट्यानं दिलेली शेती. निम्मं आपलं, निम्मं त्याचं, आणि पीक बुडालं की भांडण.

शेतीच्या भाषेत बोलायची खोड त्यांना मळ्यानं लावलेली. गंगापूर रोडच्या आत आमच्या आजोबांचा फुलांचा मळा होता. शेवंती, झेंडू, कडेला थोडे गुलाब. अण्णांचे दोघे भाऊ मळ्यात राहिले, अण्णा मात्र तरुणपणीच कॅमेऱ्याच्या नादी लागले आणि मुख्य रस्त्यावर त्यांनी एक गाळा घेऊन स्टुडिओ थाटला. राहायला आम्ही मळ्यातच होतो. पहाटे काकांची मोटर सुरू झाली की तिच्या घरघरीनं जाग यायची. आई ओसरीत फुलांची पाटी घेऊन गजरे ओवायला बसलेली असायची, आणि दर गाठीला दोऱ्याला द्यायच्या हिसक्याचा बारीक आवाज यायचा. मग चूल, बाजरीची भाकरी, लसणाची फोडणी दिलेली मेथी, आणि अण्णांचा चहा, साखर वेगळ्या वाटीत. साखर वेगळी, कारण त्यांना मधुमेह निघालेला होता आणि आईनं डॉक्टरांचं बोलणं मनावर घेतलेलं होतं. अण्णांनी घेतलेलं नव्हतं. ती वाटीतली साखर ते आईची पाठ वळली की कपात रिकामी करत. मी बघायची आणि गप्प बसायची. गप्प बसणं मला तेव्हापासूनच चांगलं जमतं.

उजेड ओळखायला त्यांनी मला मळ्यातच शिकवलं. स्वतःचा पंजा समोर धरायचा आणि बोटांच्या मधली सावली किती गडद आहे ते बघायचं. "कॅमेऱ्याला सगळं जग मातीच्या रंगाचं वाटतं, वैशू," ते सांगत. "पांढरं दाखवलं की तो भितो आणि अंधार करतो. काळं दाखवलं की उजेड ओततो. म्हणून त्याला विचारायचं, पण त्याचं ऐकायचं नाही." काकांची काळी म्हैस आणि तिच्यापुढे आजोबांचं धुतलेलं धोतर, अशी जोडी लावून त्यांनी माझी परीक्षा घेतली होती. म्हैस राखाडी आली आणि धोतर मळकं. अण्णा आठवडाभर हसत होते. पण खरी परीक्षा म्हणजे अंतरपाट. नवरा-नवरीच्या मध्ये पांढरंशुभ्र वस्त्र धरलेलं असतं, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, आणि शेवटच्या मंगलाष्टकाला ते एका झटक्यात बाजूला होतं. तोवर कॅमेऱ्यापुढे सगळं पांढरंच, म्हणून तो अंधार करून बसलेला असतो, आणि नेमकी नवरीची मान वर होते ती त्या अंधारात. "त्या एका क्षणासाठी एम," अण्णा म्हणत. माळ्यांच्या निम्म्या घरांतले अंतरपाटाचे फोटो त्यांनी काढलेले होते आणि ते सगळे उजळ होते.

मी बी.कॉम. झाले आणि घरात स्थळं येऊ लागली. मला लग्न नको होतं असं नाही. मला आधी कॅमेरा हवा होता. लग्नात मी अण्णांच्या समोरच्या बाजूला दुसरा दिवा धरून उभी राहायची, घरी आल्यावर कॉम्प्युटरवर फोटो नीट करायची, अल्बमला डिंकानं फोटो चिकटवायची, आणि कॅमेरा पुसून पिशवीत ठेवायची. ठेवताना चकती एमवर, झडपेचा आकडा साठावर, म्हणजे झडप सेकंदाचा साठावा भाग उघडी, ही शिस्त. शेतकऱ्यानं कुदळ धुऊन ठेवावी तसं. कॅमेरा डोळ्याला लावायची पाळी मात्र माझ्यावर कधी यायची नाही. "पोरीची जात, गर्दीत धक्के खाते," असं ते म्हणायचे. मला राग यायचा. त्या वर्षी तर जास्तच, कारण अंतरपाटाचे फोटो जरा काळपट येऊ लागले होते. अण्णा म्हणायचे, "कॉम्प्युटरवर जरा उजळ कर." मी करायची आणि मनात म्हणायची की मी हे कॅमेऱ्यातच नीट केलं असतं. त्यांचे डोळे बिघडत चालले असतील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आता चाळिशीचा चष्मा लागल्यावर मला कळतं की माणूस न दिसणं किती शिताफीनं लपवू शकतो. वर्तमानपत्र लांब धरतो, आणि कुणी बघितलं तर घडी घालून बाजूला ठेवतो.

तुळशीचं लग्न झालं आणि हंगामातलं पहिलं लग्न आलं ते शोभाचं. शोभा निवृत्तीकाकांची मुलगी. निवृत्तीकाकांचा मळा आमच्या बांधाला लागून, ते आणि अण्णा लहानपणी एकाच पाटात डुंबलेले. हंगामाच्या आधी स्टुडिओतली सगळी अवजारं पुसून, कुंकू लावून, नारळ फोडायची आमची रीत होती, आणि ते काम माझं. आदल्या दिवशी दुपारी मी ओसरीत कॅमेरा पुसायला घेतला. चकतीवर हिरव्या चौकोनाशी, एरवीच्या वरवरच्या पुसण्यात कधी न दिसलेला, डिंकाचा एक थेंब वाळून टणक झालेला होता. अल्बमचा डिंक माझ्याच हातून सांडला असेल असं वाटून मी शरमले. स्पिरिटचा बोळा लावला, नखानं खरवडला, चकती अगदी लखलखीत केली. मग कॅमेरा हातात होता आणि घरात अण्णा नव्हते. आई समोर गजरे ओवत होती. झडप हळू ठेवली की हलणारी बोटं धुरासारखी येतात हे मला कळलं होतं, म्हणून चकती एमवर आणून मी झडपेचा आकडा अगदी खाली, आठावर आणला आणि आईच्या बोटांचे वीस-पंचवीस फोटो काढले. असले सुंदर आले की मी स्वतःवरच खूष झाले. तेवढ्यात आईनं नारळ आणायला सांगितलं. मी ते फोटो पुसून टाकले, चकती एमवरच आहे हे बघितलं आणि कॅमेरा पिशवीत ठेवला. आकडा आठावरच राहिला.

लग्न पेठ रोडवरच्या एका कार्यालयात होतं, मुहूर्त दुपारचा. मसालेभाताचा आणि तळणाचा वास बाहेरपर्यंत, वाजंत्री जोरात, आणि व्हिडिओवाल्याच्या मोठ्या दिव्यानं स्टेज इतकं उजळलेलं की भटजी सारखे कपाळ पुसत होते. मी दिवा धरून नवरदेवाच्या मागच्या बाजूला उभी, अण्णा समोर. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी त्यांना बघितलं. त्यांचा अंगठा चकतीवरून फिरत होता. एकदा, दोनदा, परत. चकती फिरवत नव्हते, नुसतं वरून चाचपत होते. मला वाटलं विचार करताहेत, एवढ्या दिव्यात काय ठेवावं याचा. मला त्या वेळी त्यांचा अभिमानही वाटला. मग त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. सावधान झालं, अक्षता पडल्या, अंतरपाट बाजूला झाला, शोभानं मान वर केली आणि रडतारडता हसली. त्या गलक्यात झडपेचा लांबलेला आवाज कुणाला ऐकू येणार? हार झाले, कन्यादान झालं, मंगळसूत्र झालं. कार्ड भरलं तसा अण्णांनी कॅमेरा माझ्याकडे दिला. कार्ड बदलताना मी सहज मागचे फोटो बघितले. पांढरे. सगळे पांढरे, आणि त्या पांढऱ्यात माणसं दोन-दोन दिसत होती, शोभाला दोन नाकं आणि निवृत्तीकाकांना चार हात.

"अण्णा, थोडे पांढरे आलेत," मी म्हटलं. थोडे हा शब्द मी का वापरला देव जाणे.

त्यांनी कॅमेरा घेतला नाही, पडद्याकडे बघितलंही नाही. "असतील," ते म्हणाले. "पुढचे तू काढ. मला जरा बसू दे." ते कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले. ज्यासाठी मी चार वर्षं कुढत होते ते मला त्या दिवशी मिळालं. मीच आठावर ठेवलेला आकडा साठावर नेला आणि सप्तपदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे फोटो मी काढले. चांगले आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत मी कॉम्प्युटर लावून बसले. डिजिटलची एक गंमत असते, प्रत्येक फोटोच्या पोटात तो कसा काढला हे लिहिलेलं असतं. चकती कुठे होती, आकडा काय होता. शोभाच्या फोटोंत होतं ते मला माहीत होतं : एम, आठ. मग मी जुने उघडले. मागच्या हंगामातले, फेब्रुवारीपासूनचे. एकेक लग्न बघत गेले. हिरवं. हिरवं. हिरवं. सगळंच्या सगळं हिरवं. लोकांनी ज्या अल्बमची तारीफ केली तेही हिरवं, मी उजळ केलेले ते काळपट अंतरपाटही. माझ्या मागे अण्णा कधी येऊन उभे राहिले कळलं नाही.

"बघितलंस," ते म्हणाले.

डबा घेऊन आई आलेली होती, तीही दारात थांबली. अण्णा स्टुलावर बसले आणि शेतातल्या कामाबद्दल सांगावं तसं सांगू लागले. डोळ्यांपुढे जाळी यायला लागून वर्ष झालं. चकतीवरची अक्षरं दिसत नाहीत, मागचा पडदा म्हणजे नुसता उजेडाचा चौकोन. "म्हणून हिरव्यावर डिंकाचा थेंब लावला होता मी. अंगठ्याला लागायचा. लागला की कळायचं, आता हिरवं हाय, बिनघोर काढ. तुझ्या हाती देताना तेवढी चकती हलवून द्यायचो. काल सकाळी चकतीचा आख्खा एक फेरा फिरवला, तवापासून चाचपतोय, थेंब लागंना. वाटलं असेल तिथंच, मला लागत नसेल." त्यांनी अंगठा तर्जनीवर घासला. "बोटं मेली माझी. डॉक्टर म्हणलाच होता, साखरेनं बोटं मरतात. डोळे गेले तरी चाललं असतं गं, हातावर निभावलं असतं. आता हातबी गेला."

आई तोंडाला पदर लावून रडायला लागली. "तरी मी सांगत व्हते, साखर नका घेऊ. कुनी ऐकलं माझं?"

माझ्या तोंडात ते वाक्य आलेलं होतं. थेंब मी काढला. बोटं चांगली आहेत तुमची, थेंब मी काढला आणि आकडा मी बिघडवला. एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर त्यांनी परत डिंकाची बाटली घेतली असती, परत थेंब लावला असता, आणि हिरव्यावर का होईना, आणखी तीन-चार वर्षं फोटो काढले असते. अण्णांनी खांद्यावरची पिशवी काढून माझ्यापुढे टेबलावर ठेवली. "रविवारचं लग्न तू कर," ते म्हणाले. "मी येतो संगती, पर कॅमेरा तुझा." आणि मी ती पिशवी जवळ ओढली. भीतीनं बोलले नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. भीती होतीच. पण नुसती भीती असती तर माझा हात पिशवीकडे इतका लवकर गेला नसता. मला कॅमेरा हवा होता. आज हे स्पष्ट लिहिते, कारण लाज आता जुनी झालीय आणि जुन्या लाजेशी बोलता येतं.

निवृत्तीकाकांकडे अण्णा स्वतः गेले, मी बरोबर होते. मला वाटलं होतं ते कॅमेऱ्यावर ढकलतील. डिजिटल तेव्हा नवं होतं, कार्ड खराब झालं म्हटलं असतं तर कुणीही मान हलवली असती. वाटेत मी तसं सुचवलंही. "नाय," अण्णा म्हणाले. "दोष कार्डाला द्यायचा नाय." निवृत्तीकाका ओट्यावर झेंडूच्या जुड्या बांधत होते. अण्णांनी उभ्याउभ्याच सांगितलं की अंतरपाटापासून मंगळसूत्रापर्यंतचा एकही फोटो नाही, माझी नजर गेलीय आणि मी ते लपवलं. काकूंनी आतून ऐकलं आणि बाहेर आल्या. मी घाईनं म्हटलं, "काकू, शोभा मांडवपरतणीला येईल तेव्हा शालू नेसवून परत काढू. अंतरपाट परत धरू, काय होतंय?"

"अगं, येडी का खुळी तू?" काकू माझ्यावर कडाडल्या. "अंतरपाट दोनदा धरत्यात का कुठं? बापाला भाऊजी म्हनते म्हनून ऐकून घेते मी, तू मधी बोलू नको."

निवृत्तीकाकांनी खाली बघत दोरा आवळला. जुडी बांधून झाली, दुसरी घेतली. "दशरथ," ते शेवटी म्हणाले, "आंधळा झाला आसता तरी म्या तुलाच बोलावलं आसतं. पर मला सांगायचं तरी व्हतं. दुसरा एक उभा केला आसता तुझ्या बाजूला." अण्णांनी मान खाली घातली. माझ्या वडिलांना मी तशी मान खाली घालताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. परतताना त्यांचा पाय बांधावर दोनदा अडखळला, आणि दोन्ही वेळा मी हात पुढे केला तो त्यांनी झिडकारला.

पंधरा दिवसांनी निवृत्तीकाकाच स्टुडिओत आले. त्यांच्या येवल्याच्या भाच्याकडे खिशात मावेल असला छोटा कॅमेरा होता, त्यात अंतरपाट बाजूला झाल्याचा एकच फोटो मिळालेला. तिरका, निम्म्यात कुणाचा तरी फेटा, पण शोभाचा चेहरा स्वच्छ. त्या कॅमेऱ्याला चकतीच नव्हती, ठरवायला काही ठेवलेलंच नव्हतं. काकांना तो मोठा करून हवा होता, भिंतीवर लावायला. अण्णांनी फोटो डोळ्यांशी नेला, अगदी नाकाला टेकेपर्यंत, आणि कडेनं बोट फिरवत विचारलं, "चेहरा उजळ हाय का रं?" काका म्हणाले, "हाय." "मग ब्येस," अण्णा म्हणाले आणि मला म्हणाले, "फ्रेम चांगली घाल. पैशे घेऊ नको." त्या दिवशी ते जेवले नाहीत. आईनं भाकरी झाकून ठेवली ती सकाळी म्हशीला घातली.

त्यानंतर अण्णांनी कॅमेरा हातात धरला नाही. स्टुडिओत येऊन बसत, गिऱ्हाइकाशी बोलत, पासपोर्ट फोटोला बसलेल्या पोराला "हनुवटी खाली" म्हणत. लग्नात माझ्या बाजूला खुर्ची टाकून बसत आणि मंगलाष्टकं सुरू झाली की विचारत, "कशावर ठेवलंय?" मी सांगायची, "एमवर, अण्णा." ते मान हलवत. माझं नाव झालं. माझं लग्न झालं तेही कॅमेरा सोडायचा नाही या अटीवर. आता माझी लेक हसते मला. तिच्या मोबाइलला चकती नाही, काही ठरवावं लागत नाही, आणि फोटो माझ्यापेक्षा वाईट येत नाहीत हेही तिला माहीत आहे.

काही वर्षांनी अण्णांच्या पायाला जखम झाली आणि ती भरेना, म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं अण्णांना डोळे मिटायला सांगितले, नायलॉनचा एक ताठ दोरा काढला आणि म्हणाला, "आजोबा, मी टोचतो. लागलं की हो म्हणायचं." तळपायाला त्यानं पाच-सहा ठिकाणी टोचलं. अण्णा गप्प. मला रडू येत होतं. मग हाताकडे आला. करंगळीला टोचलं. "हो," अण्णा म्हणाले. पुढच्या बोटाला. "हो." मधल्या बोटाला, तर्जनीला. "हो. हो." अंगठ्याला त्यानं दोरा नुसता टेकवला, माझ्यासमोर, दिसेल न दिसेल इतका हलका. "हो," अण्णा लगेच म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले.

"हातांना काही झालेलं नाही," डॉक्टर लिहितालिहिता म्हणाला. "हात एकदम चांगले आहेत. पायांची काळजी घ्या."

आम्ही बाहेर आलो. जिन्याच्या तोंडाशी अण्णा थांबले. अंगठा तर्जनीवर घासत उभे राहिले. त्यांना मी दिसत नव्हते, तरी माझ्याकडेच तोंड होतं.

"वैशू, डॉक्टर म्हनतो बोटं चांगली हाईत."

"हो, अण्णा."

"मग तवा का नाय लागलं गं?"

जिना चढणारी एक बाई आम्हाला वळसा घालून गेली. तिचा पायरव वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत मी थांबले. इतकी वर्षं मी घोकलेलं ते वाक्य तयार होतं, शब्दन्‌शब्द.

"तेव्हा गर्दी होती, अण्णा," मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला. "हां. गर्दी लय व्हती," ते म्हणाले, आणि हात पुढे करून, माझा हात धरून, एकेक पायरी उतरायला लागले.